चार वर्षं अखंड चालू

"रीस्टार्टचं नाव काढलंस तर याद राख!" दादाने टेबलावर हात आपटला. "चार वर्षं हा सर्व्हर एकदाही बंद पडलेला नाही."

"म्हणूनच तर!" धाकटी बहीणही पेटली. "नुसते अपडेट्स टाकून काय उपयोग? रीस्टार्ट होईपर्यंत आत जुनीच सिस्टिम चालू राहते."

दोघा भावंडांच्या या कंपनीच्या भरवशावर तीनशे साइट्स होत्या. त्यातल्या एका दवाखान्याच्या साइटवर पेशंटांचे रिपोर्ट होते. सकाळीच बातमी आली होती: या सिस्टिममध्ये भोक सापडलंय, चोर त्यातून सर्रास आत शिरताहेत. आणि दादाला पडली होती सर्व्हर बंद न पडल्याच्या विक्रमाची! तिचं डोकं फिरेल नाही तर काय होईल?

"इतकं गुणी मशीन दाखव मला कुठे," दादा म्हणाला. "कधी डिस्क भरली? कधी तापलं? मावशीच्या घरी ठेवलेल्या आपल्या जुन्या मशीनवरून साइट्स इथे आणल्या, तेव्हापासून कुरकुर म्हणून नाही."

"रिपोर्ट चोरीला गेले ना, की त्या पेशंटांना ऐकव हे!"

तिने बॅकअप घेतला. घेतला आणि सोडला, असं तिचं नव्हतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून पाहिला. पानं नीट आली. अपडेट्स आधी तिथे लावून बघितले, मग सर्व्हरवर टाकले. दर महिन्याला ती हे सगळं करायची. शेवटची पायरी तेवढी दादा करू द्यायचा नाही.

आज तिने विचारलंच नाही. सरळ रीस्टार्ट दिला.

"एक जरी साइट बंद पडली ना," दादा ओरडला, "तर या ऑफिसात पाय ठेवायचा नाही!"

रागारागाने तो फोनवर एकेक साइट उघडत सुटला. दवाखाना, वाचनालय, शाळा. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

"चालताहेत गं सगळ्या. 'डॉक्टर आज उशिरा येतील', ही दवाखान्याची आत्ताची सूचनासुद्धा आलीय. उगाच ओरडलो तुझ्यावर. झाला ना सुरू?"

बहीण सर्व्हरच्या स्क्रीनकडे बघत होती. सुरू होण्याआधीची डिस्कची तपासणी अजून बारा टक्क्यांवर होती.

"दादा, हा अजून उठलेलाच नाही."

"काहीतरीच काय! मग साइट्स येताहेत कुठून?"

ती दादाकडे वळली. "मावशीकडचं ते जुनं मशीन, चार वर्षांत एकही अपडेट न टाकलेलं... साइट्स हलवल्यावर तू बंद केलं होतंस ना?"

"मी?" दादा म्हणाला. "मला वाटलं, तू केलंस."