कोरे समास

भार्गवीने बारावीच्या भौतिकशास्त्राच्या जुन्या पुस्तकाचे फोटो विक्रीसाठी ऑनलाइन टाकले आणि मग इतरांचे भाव पाहिले. कोऱ्या समासांच्या पुस्तकांना जास्त किंमत मिळत होती. तिने दुपारभर बसून समासांत पेन्सिलीने लिहिलेल्या आपल्या सगळ्या टिपा खोडल्या आणि भाव वाढवला.

रविवारी राजूर गावची मोनिका पुस्तक घ्यायला सावेडीला भार्गवीच्या घरी आली. पुस्तक चाळता चाळता ती थांबली.

"ताई, फोटोत कडेला लिहिलेलं हुतं, ते कुठं गेलं?"

"खोडलं. नव्यासारखं झालंय बघ."

"कोरं तर राजूरलाच स्वस्त मिळत हुतं. आमच्याकडं क्लास न्हाई, म्हणून ते लिहिलेलं बघून आले."

भार्गवीने पेन्सिलीला टोक केलं आणि दुसरी खुर्ची ओढली.

"बस. शेवटची एसटी कितीला आहे तुझी?"