मधलं दार

नगरपालिकेचा नवा नियम आला: लागून असलेल्या दुकानांच्या भिंतीत, आग लागल्यास पळायला दार हवं. माझ्या सलूनला लागून धाकट्या भावाचं सलून. तिकडे बसायला जागा नसते, इकडे मी माशा मारतो.

“म्हणजे माझी उरलीसुरली गिऱ्हाइकंही आतल्या आत त्याच्याकडे!” मी अग्निशमनच्या साहेबांवर उखडलो. पण भिंत फोडावीच लागली.

मग एक दिवस आगीच्या सरावाचा भोंगा वाजला आणि धाकट्याची सगळी गिऱ्हाइकं, तोंडाला फेस नि गळ्यात कापड तशीच, माझ्या दुकानात घुसली. बाकडंसुद्धा भरलं. धाकट्याकडे बघत मी मिशीला पीळ दिला.

तेवढ्यात माझं एकुलतं एक नेहमीचं गिऱ्हाईक दारात थबकलं.

“आज फारच गर्दी आहे रे तुझ्याकडे. शेजारी रिकामंच दिसतंय, तिकडेच बसतो.”