सीट रिकामी नको

रेल्वेच्या नव्या डब्याची चाचणी एरवी सीटवर वाळूची पोती ठेवूनच व्हायची. गाडी पळवायची आणि हादरे मोजायचे. या खेपेला नवे साहेब म्हणाले, "हादरे माणसांना कसे वाटतात ते माणसांनाच विचारू. घरच्यांना घेऊन या."

सगळे सहकुटुंब आले. डब्यात पुरी-भाजीचा वास सुटला. गवाणकर तेवढे एकटे आले. त्यांची बायको चैत्रात वारली, हे साहेबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"गवाणकर, वहिनी नाही आल्या?"

"नाही साहेब."

"मग तिथे पोतं ठेवा. सीट रिकामी नको, वजन पुरं भरलं पाहिजे."

गवाणकरांनी स्वतःच पोतं ओढत आणलं आणि खिडकीपाशी बसवलं. तिला खिडकीच लागायची.

गाडीने वेग घेतला. वळणावर डबा थरथरला, तसं पोतं हळूच कलंडून त्यांच्या खांद्यावर टेकलं. सरळ करायला त्यांनी हात उचलला, आणि पुन्हा मांडीवर ठेवला.

एकेकाला विचारत साहेब त्यांच्यापाशी आले. "काय, हादऱ्यांचा त्रास होतोय?"

"नाही," खांदा न हलवता गवाणकर म्हणाले. "अजून थोडे चालतील."