पहिलं करडू मालकाचं

आमच्या गुनुंग किदुलच्या डोंगरात शेळी एकाची आणि राखण दुसऱ्याची असते. वेताचं पहिलं करडू मालकाचं, दुसरं राखणारीचं. कार्सियेमने राखलेली शेळी व्याली, तेव्हा मालक वार्दोयोकाका गोठ्यातच उभे होते.

"काका, ही अजून कळा देतेय. गुरांच्या डॉक्टरला बोलवू का?"

"वार पडायची राहिलीय, बाई. आमच्या घरच्या शेळीचं दूध पाजतो मी याला," म्हणत त्यांनी ओलं करडू खांद्यावरच्या सारोंगात गुंडाळून नेलं.

दोन दिवस शेळी वाटेकडे तोंड करून ओरडत राहिली, तिसऱ्या दिवशी मेली.

"नको तो पाला घातलास तू. तुला परत जनावर देणं नाही," काका सगळ्यांसमोर म्हणाले.

कार्सियेम हट्टाने डॉक्टरला घेऊन आली. त्याने पोट उघडलं तसा कुजका भपकारा सुटला. आत दुसरं करडू आडवं अडकून सडलं होतं, त्याची कातडी हातमोज्याला चिकटून येत होती.

"त्याच दिवशी बोलावलं असतं तर दोघंही वाचली असती," डॉक्टर म्हणाला.

काकांनी नाक दाबून आत वाकून पाहिलं.


"दुसरं ना? मग हे तुझं, कार्सियेम. उचल आणि पूर."