पहिल्या मशीनचा रंग

"ह्याचा आवाज लई येतो," दिशा म्हणाली.

दुकानदार दयानंदकाकांनी पेडलवरचा पाय उचलला. हे तिसरं मशीन. दुसऱ्याची सुई दिशाला वाकडी वाटली होती आणि पहिल्याला तिनं "रंग घाण हाय" म्हणून नापास केलं होतं. खरं सांगायचं तर पहिलं मशीन एकदम जबरदस्त होतं! पडद्यावर फूल निवडलं, की चहा निवायच्या आत कापडावर फूल हजर. म्हणूनच तर तिला ते नको होतं.

घरात शिलाई मशीन कधी येतं, हे दिशाला पक्कं ठाऊक होतं. कोळवणात तिच्या भावकीत मुलीचं लग्न काढायचं ठरलं, की आधी मशीन येतं. त्यावर मुलगी रुखवताचे अभ्रे भरते, तोरणं करते, एखादी गोधडी शिवते. मग पाव्हणे येतात. शेवटी मांडवात ते मशीनही हार घालून रुखवतात उभं राहतं. चुलत्याच्या जुईलीताईचं मशीन बारावीच्या निकालानंतर आलं. पंधरा दिवसांत पाव्हणे आले. ताईचं कॉलेज तिथंच संपलं.

दिशाचा बारावीचा निकाल लागून आज नववा दिवस होता. नर्सिंगचा फॉर्म तिनं त्याच दिवशी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या हातात दिला होता. अण्णांनी तो कपाटावर ठेवला. "बघू," म्हणाले. आणि आज सकाळी म्हणाले, "पिरंगुटला चल. मशीन बघायचंय. तुला त्यातलं कळतं."

झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

पुरावा होताच तसा. पाठीच्या दुखण्यानं अण्णांचं जीप चालवणं सुटलं, तेव्हापासून ते घरीच होते. रोज दुपारी आतल्या खोलीला कडी लावून बसायचे. विचारलं तर "झोपलो व्हतो" म्हणायचे, पण डोळ्यांत झोपेचं नाव नसायचं. पाव्हण्यांशी फोनवर बोलत असणार! आईसुद्धा सामील. लवळ्याला कॅन्टीनच्या कामावर जायच्या आधी ती रोज दहा-बारा सुया ओवून कॅलेंडरला टोचून ठेवायची. कशाला, तर म्हणे, "असू दे गं, लागत्यात." रुखवतालाच लागत असणार.

"दोरा आपसूक ओवतं का ह्ये?" अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"ते पहिलं ओवतं, विठ्ठलराव. पण ताईंना रंग पसंत नाही."

अण्णांनी पिशवीतून घडी केलेलं जुनं लुगडं काढलं. ते आजीचं होतं. ती गेल्यापासून तिचं बोचकं कुणी उघडल्याचं दिशाला ठाऊक नव्हतं. अण्णांनी त्याचे चार पदर सारखे केले आणि हात असा फिरवला, जसा आई भाकरीवर पाणी फिरवते.

"एवढं जाड शिवलं पायजे. आन् गोधडी गुंडाळून ह्या बाजूनं गेली पायजे, मदी अडकाया नको." मग ते दिशाकडं वळले. "सांग की, कंचं घ्यायचं?"

"एकबी नको. सगळ्यांत खोट हाय."

दयानंदकाका हसले. "अहो ताई, मशीन बघताय, नवरदेव नाही!"

आता मात्र दिशाला राहवेचना.

"मला लग्न करायचं न्हाई!" ती एवढ्या जोरात ओरडली, की काउंटरवर बटणं मोजणारी बाई मोजणी विसरली. "मी रुखवत करणार न्हाई. मशीन आणलंत तरी मी त्याला हात लावणार न्हाई!"

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं.

"कुनाचं लगीन?"

"माझं! मग मशीन कुणाला?"

अण्णांनी रस्त्याकडं बघितलं. बटणांच्या बाईकडं बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"मला," ते म्हणाले.

"तुमाला?"

"हळू बोल ना. रिकामं बसून डोस्कं फिराया लागलं व्हतं. आईची लुगडी दिसली. म्हटलं, घालावी गोधडी." त्यांनी बोटं पुढं केली. शेंड्यांवर सुईची बारीक बारीक टोचणं होती. "हातानं लई येळ लागतो. सुईचं नाकंबी दिसंना, मग तुजी आई ओवून देती."

"आणि दाराला कडी?"

"मग काय वट्यावर बसू? त्यो शेजारचा कुशाबा गावभर करंल, विठ्ठल गोधड्या शिवाया लागला म्हनून!"

दिशा हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, तरी हसू थांबेना. नऊ दिवस छातीवर बसलेला धोंडा गडगडत कुठल्या कुठं गेला. शेवटी बटणांची बाईही हसली.

"काका," दिशा नाक पुसत म्हणाली, "ते पहिलं काढा."

"आणि त्याचा रंग?"

"रंग तर लई भारी हाय!"

पहिलं मशीन परत काउंटरवर आलं. दोरा खरंच आपोआप ओवला गेला. अण्णा दोन वेळा वाकून बघत राहिले. मग स्टुलावर बसले आणि लुगड्याचा कोपरा त्यांनी स्वतःच सुईखाली सरकवला. फॉर्म मात्र अजून कपाटावर होता. पण त्याबद्दल विचारायचा धीर आता दिशाला आला होता. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात दयानंदकाकांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"नमुन्याला काय भरू? फूल का मोर?"

"नाव भरा, 'दिशा' म्हनून," अण्णा म्हणाले. "नर्सिंगच्या होस्टेलात शंभर पोरी असत्यात, हिची गोधडी हरवाया नको."