केळीचा घड

मगनच्या तेराव्यानंतर त्याचे वडील नाना धुळ्याहून जळगावला, मगन आणि अभिमनच्या वेबसाईट बनवायच्या दुकानात आले. “अभिमनभाऊ, मना पोऱ्यानं काढेल चित्र कॉम्प्युटरमा शे ना? दाखव.” मगननं महिनाभर माऊसनं केळीचा घड रंगवला होता, पण वेबसाईट करून घेणाऱ्या केळीवाल्या शेटला फोटोच हवा होता. सकाळीच अभिमननं सवयीनं चित्राच्याच नावानं फोटो सेव्ह केला आणि एकुलतं एक चित्र पुसलं गेलं. अभिमननं शेटची वेबसाईट उघडली; मोडेम किरकिरला आणि पडद्यावर फोटो वरून खाली हळूहळू उतरला. नानांनी चष्मा पुसला. “आरे, सारी केळी खरीच वाटतस रे!” हा फोटो आहे म्हणायला अभिमननं तोंड उघडलं, पण नाना पडद्याच्या काचेवरून बोट फिरवत होते. “तुले येस का रे असं काढता?” त्यांनी विचारलं. “नाही नाना,” अभिमन म्हणाला, “ते फक्त मगनलाच जमायचं.”