तांबडीचं लंगडणं

"आई, तांबडी परत लंगडाय लागली," मष्णू म्हणाला आणि त्यानं टांगा दारातच थांबवला.

गुणाबाईनं अडकित्ता खाली ठेवला. तिसरी खेप ही. मागं दोनदा तिनं खुरावर वरनं आपलं मलम चोपडलं होतं आणि दोन्ही वेळा घोडी दुसऱ्या दिवशी पळायला लागली होती. त्याचा गवगवाही तिनंच गल्लीभर केला होता.

ओट्यावर तिच्या लेकीचा, नागूचा सासरा आण्णाप्पा बसला होता. सुनेला बोरगावला न्यायला आला होता. "इहीणबाय, तुमचं ते नावाजलेलं मलम संपलं काय?" तो हसत म्हणाला.

गुणाबाईला ते झोंबलं. मेण, राळ आणि करंजेल कढवून केलेलं तिचं मलम न्यायला निपाणीचे टांगेवाले वाटी घेऊन दारात यायचे. मष्णूनं एकदा बेळगावच्या कॅम्पातनं खुराला लावायच्या विकतच्या मलमाचा डबा आणला, तेव्हा तिनं चारचौघांत त्याची सालटी काढली होती. "बूटपालीस आणलंस व्हय रं? घोडीला काय हापिसात धाडायचीया?" तो डबा फळीवर तसाच पडून होता.

"न्हायतर यष्टीनं नेतो की," आण्णाप्पा म्हणाला.

"गुणाबाईची लेक यष्टीनं जात न्हाय. आमच्या टांग्यातनं आली, टांग्यातनंच जाईल. बसा गप. खूर बघते."

नागू काखेत गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी होती. पंचमीला माहेरी आली तेव्हा एकदाच म्हणाली होती, "आई, मला तिकडं धाडू नगंस. लई मारत्यात." गुणाबाईनं तिला तिथंच तोडलं होतं. "तुज्या बानं मला काय फुलं वाह्यली व्हय? नांदलेच की." पोरगी त्यावर पुन्हा बोलली नाही.

मष्णूनं घोडीचं तोंड धरलं. गुणाबाईनं पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि लोखंडी आकडीनं खुराच्या तळातला चिखल उकरला. खूर धडधाकट होता. चीर नाही, वास नाही. नालेच्या आतल्या खाचेत मात्र आकडी अडकली. तिनं बोट घालून काढलं.

सुपारीएवढा खडा. घोडीला रुतून जखम होऊ नये म्हणून चिंधीत गुंडाळलेला. चिंधी जांभळी होती. नागूच्या अंगावरच्या लुगड्याची.

गुणाबाईनं वर बघितलं. लेक घोडीकडं बघत नव्हती, आईच्या मुठीकडं बघत होती. आणि आत्ता कुठं गुणाबाईच्या ध्यानात आलं, घोडी लंगडते ती नागूच्या जायच्या दिवशीच. मागच्या दोन्ही वेळा न्यायला आलेला माणूस तसाच परत गेला होता.

"काय हाय?" आण्णाप्पानं विचारलं.

तिनं मूठ आवळली. पाय हळूच खाली सोडला.

"कुजलाय," ती म्हणाली. "आतनं पार कुजलाय. ही घोडी आता भायेर निघायची न्हाय."

मष्णू खूर बघायला वाकला. तिनं त्याला कोपरानं मागं सारलं.

"कवापातूर?" आण्णाप्पानं विचारलं.

"नवा खूर येस्तोवर. वरीस लागंल."

"वरीस? मग यष्टीनं..."

"एकदा सांगिटलं न्हवं?"

आण्णाप्पा चिडला. "आनि तुमच्या मलमाचं काय वो? गावभर डंका पिटताय त्याचा!"

रस्त्यात दोन टांगेवाले थांबून ऐकत होते. एकाच्या हातात मलमासाठी आणलेली वाटी होती. गुणाबाईनं पदर खोचला.

"माज्या मलमानंच कुजलाय," ती त्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं म्हणाली. "मष्णू, फळीवरचा तो डबा आण."

आणि तांबडीच्या धडधाकट खुरावर तिनं ते बूटपालीस चांगलं जाड थापलं.